आबांचा फोन आणि आबांची जीभ

आबांची जीभ ओठांबाहेर आली होती आणि आत जात नव्हती. लहान वांग्याएवढी सुजली होती आणि रंगही तसाच धरत होती. श्वास घेताना घशातून शिट्टी वाजत होती. भिंतीवरच्या फोनचं कानाला लावायचं नळकांडं दोरीला लोंबकळत होतं आणि त्यातून आठ मैलांवरच्या कचेरीतला बाबू ओरडत होता, "हॅलो! कोण बोलतंय? शब्द सांगा! आधी शब्द सांगा!"

आबा म्हणजे माझे सासरे. त्या वेळी घरात ते आणि मी, दोघंच. लग्नाला सहा वर्षं झाली होती आणि सहा वर्षांत मी त्यांच्याशी एक अक्षर बोलले नव्हते. त्यांनी माझं तोंडही पाहिलेलं नव्हतं. आणि आता ते माझ्यासमोर गुदमरत होते, आणि डॉक्टर बोलवायचा तर फोनच्या भोंग्यात कुणीतरी बोलायला हवं होतं.

हे असं का झालं ते सांगते.

आमचं गाव तापीच्या काठावर, प्रकाशा तीर्थाच्या खालच्या अंगाला. तेव्हा आमचा भाग पश्चिम खानदेशात, धुळे जिल्ह्यात होता. घर गुजर शेतकऱ्याचं, पाटलांचं. कापूस, केळी, थोडा ऊस. घर उंचावर होतं, म्हणून सरकारच्या पाण्याच्या खात्याची नजर त्याच्यावर पडली. तापीला पूर आला की पाणी किती चढलं ते तालुक्याला कळवावं लागे. त्यासाठी एक सायकलवाला नेमलेला होता. पण नदीला पूर आला की वाटेतला नालाही भरायचा. सायकलवाला अलीकडच्या काठावर बिडी ओढत बसायचा आणि पाणी उतरल्यावर तालुक्याला जाऊन सांगायचा की पाणी चढलंय. असं दोनतीन पावसाळे चाललं. मग साहेबांनी ठरवलं की आमच्या घरात फोन बसवायचा.

लोकांना वाटलं, आता आमच्या घरून मुंबईशी बोलता येईल. तसं काही नव्हतं. तालुक्याच्या कचेरीत एक फळी होती, तिच्यावर गावागावांच्या झडपा होत्या. आमच्या ओसरीवरच्या पेटीचा दांडा फिरवला की तिथे आमची झडप खाली पडायची. मग बाबू तार जोडायचा, आम्ही पाणी सांगायचं आणि तो वहीत लिहायचा. एवढंच काम. ती फळी मी कधी पाहिली नाही. तारवाल्याने आबांना सांगितलं ते मी दाराआडून ऐकलं.

तारवाला चार दिवस आमच्याकडे जेवला. खांब उभे केले, तार ओढली, ओसरीवर लाकडी पेटी ठोकली. वर दोन घंट्या, बाजूला दांडा, पुढे काळा भोंगा, पोटात मसाल्याच्या बॅटऱ्या. मग म्हणाला, आता जमिनीत तांब्याचा पत्रा पुरायचा. बोलणं तारेने जातं आणि जमिनीतून परत येतं.

आबा म्हणाले, "जमीनमधून? मंग उंदीर ऐकतीन ना!"

तारवाला हसला नाही. त्याने न्हाणीमागे खड्डा खणला, पत्रा ठेवला, भोवती कोळसा आणि पायलीभर खडेमीठ घातलं आणि बजावलं की रोज इथे घागरभर पाणी ओतायचं. जमीन कोरडी पडली की फोन मेला. आबांनी मान हलवली. पाणी ओतायचं काम अर्थात माझं. फोन आबांचा, घागर माझी.

आठवड्यात फोन मेला. तारवाला परत आला. प्रत्येक खांबावर चढला, पेटी उघडली, बॅटऱ्यांना जीभ लावून पाहिली. सगळं ठीक. दुपारी न्हाणीमागे गेला तर आमची म्हैस गुडघे टेकून खड्ड्यात तोंड घालून बसलेली. सगळं मीठ तिने चाटून खाल्लं होतं आणि पत्रा उघडा पडला होता. त्या आठवड्यात ती दूध जास्त का देत होती ते मला तेव्हा कळलं. तारवाल्याने नवं मीठ घातलं आणि वर मोठा दगड ठेवला. म्हैस बरेच दिवस त्या दगडाशी जाऊन हंबरायची.

मग जीपमधून साहेब आला, कागद घेऊन. या फोनवरून कोण बोलणार? ज्याचं नाव नोंदवलं त्यानेच बोलायचं. आबांचं नाव लिहिलं. साहेब म्हणाला, "आणखी एक नाव द्या. तुम्ही आजारी पडलात तर? मुलाचं देऊ?"

आबा म्हणाले, "त्याले काय समजस?"

माझा नवरा शेजारीच उभा होता. एकच नाव राहिलं.

शिवाय एक गुप्त शब्द होता. दुसऱ्या कुठल्या गावात कुणीतरी मजा म्हणून दांडा फिरवून पूर आल्याचं सांगितलं होतं आणि सगळी कचेरी ओंडके आणि दोरखंड घेऊन कोरड्या नदीत जाऊन उभी राहिली होती. म्हणून आता आधी शब्द सांगायचा, तो बरोबर असला तर पुढचं बोलणं. शब्द दर महिन्याला बदलायचा. बंद लिफाफ्यात यायचा, आणि आबा ती चिठ्ठी टोपीत घडी करून ठेवायचे. टोपी आंघोळ आणि झोप सोडून कधी डोक्यावरून उतरत नसे, त्यामुळे जागा पक्की होती.

पण आबांचा असा समज होता की आठ मैल लांब बोलायचं तर आठ मैलांइतक्या जोराने बोललं पाहिजे. ते ओठ भोंग्यात घालून ओरडायचे. पहिल्या तारखेला सकाळी आठ वाजता सगळ्या गल्लीला शब्द पाठ व्हायचा. विहिरीवर बाया मला विचारायच्या, "या महिनाले काय शे वं?" मी सांगायचे, "हरभरा." एकदा "हरभरा" होता, एकदा "नांगर" होता. नवा शब्द मात्र पहिल्या तारखेला आबा ओरडेपर्यंत कुणालाच माहीत नसे.

आता दाराचं सांगते. आमच्या घरांत सून सासऱ्यासमोर लाज धरायची, म्हणजे पदर हनुवटीपर्यंत ओढायचा आणि आवाज काढायचा नाही. निरोप असला तर लेकराकडून पाठवायचा. सासू माझ्या लग्नाआधीच गेली होती आणि मला तोवर मूल झालं नव्हतं. नवरा दिवसभर शेतात. मग निरोप न्यायचा कुणी? तेव्हा मी दाराला सांगायचे. माजघराच्या दाराआड उभं राहून म्हणायचे, "दार, चहा व्हयना." आबा ओसरीवरून खांबाला सांगायचे, "खांब, साखर कमी टाकाले सांग." दार आणि खांब यांच्यावर आमचं घर सहा वर्षं चाललं. गैरसोय एकच होती. दाराचं ऐकायचं की नाही हे आबांच्या मर्जीवर होतं. सोयीचं असलं तर ऐकू यायचं, नसलं तर दाराला कोण विचारतंय?

उन्हाळ्यात नदीला पाणी नसतं, म्हणून फोन पडून असायचा. फक्त पहिल्या तारखेला आबा नवा शब्द सांगून तो चालतो की नाही ते पाहायचे. मे महिन्याच्या शेवटी ओसरी झाडताना मला दिसलं की भोंग्यात गांधीलमाशी जातेय. नीट पाहिलं तर आत दोघीतिघी होत्या आणि कडेला पोळं धरलं होतं. मी आत गेले आणि म्हणाले, "दार, भोंगामा गांधीलमाशी शे. कोनी तोंड नको लावजो."

आबा तंबाखू मळत होते, ते मळतच राहिले.

दुसऱ्या दिवशी परत सांगितलं. आबा खांबाला म्हणाले, "सरकारी वस्तूना बारामा बायासनी बोलू नही." तिसऱ्या दिवशी मी म्हणाले, "दार, मी आते पुन्हा सांगाव नही." आणि खरंच नाही सांगितलं. मी झाडूने पोळं पाडलं असतं, पण पेटीला हात लावायची मला मनाई होती. म्हटलं, जाऊ दे.

जूनच्या पहिल्या तारखेला आबांनी आंघोळ केली, धुतलेली बंडी घातली, लिफाफा फोडला, चिठ्ठी वाचली आणि टोपीत ठेवली. दांडा तीनदा फिरवला. नळकांडं कानाला लावलं, ओठ भोंग्यात घातले आणि "हॅलो" म्हणू लागले. "लो" म्हणायला तोंड उघडलं तेवढ्यात माशी आत गेली आणि जिभेच्या बुडाशी चावली.

मी ओरडणं ऐकून बाहेर आले ते पदर हनुवटीपर्यंत ओढूनच. पदराच्या आडून मला आबांचे फक्त पाय दिसत होते. पाय नाचत होते. मग ते खाली बसले. मग शिट्टी सुरू झाली, तेव्हा मी पदर वर करून पाहिलं.

नवरा बैलगाडी घेऊन नदीत गेला होता. पाऊस पडायच्या आत काठावरचं पाण्याचं इंजिन वर आणायचं होतं. गावात दुसरे कर्ते पुरुषही शेतात. ओरडणं ऐकून शेजारची म्हातारी तेवढी आली.

"काय व्हयनं वं?"

"गांधीलमाशी. जिभले."

"चुना लाव." मग तिने जीभ पाहिली आणि तिथे चुना कसा लावायचा ते तिलाही कळलं नाही. मग तिची नजर माझ्यावर गेली. "माय वं! पदर ले, पदर ले! सासरा समोर शे!"

नळकांड्यातून बाबू ओरडतच होता. मी ते उचललं. भोंग्यात अजून दोन माश्या भणभणत होत्या. बोलायचं तर तिथेच तोंड न्यायला हवं. पदर एकच होता, तोंडावर घ्यायचा की भोंग्यावर? मी तो डोक्यावरून काढला आणि भोंग्यावर दुहेरी ताणून धरला. माश्या आत राहिल्या, माझं तोंड उघडं राहिलं. म्हातारीने स्वतःचे डोळे झाकून घेतले.

मी शाळेतली मराठी काढली. चार इयत्ता झाल्या होत्या, तेवढी पुरली.

"हॅलो."

"कोण? बाई? बाईंचं नाव नोंदलेलं नाही. पाटलांना द्या."

"पाटलांच्या जिभेला गांधीलमाशी चावली आहे. त्यांना श्वास येत नाही. डॉक्टर पाठवा."

"आधी शब्द सांगा."

"मला माहीत नाही."

"मग मला तुमच्याशी बोलता येणार नाही बाई. नियम आहे."

"तुम्ही बोलताय की."

तो म्हणाला, "माझ्यावर रागावू नका. शब्दाशिवाय वहीत नोंद होत नाही आणि नोंदीशिवाय जीप निघत नाही. मागे नदीत कोरडे उभे राहिलो होतो आम्ही."

हे आबांना ऐकू गेलं असावं. त्यांनी हात वर केला आणि टोपी काढली. आत पूर्ण टक्कल होतं, मध्यावर एक जुना व्रण. सहा वर्षं एका घरात राहून मला हे माहीत नव्हतं. ते उघड्या डोक्याचे, मी उघड्या तोंडाची. चिठ्ठी त्यांनी माझ्या हातात दिली. अक्षर साहेबी आणि तिरकं होतं. मी एकेक अक्षर लावलं.

"पारिजातक," मी म्हणाले.

"बरोबर. आता नोंदलेल्या माणसाचं पूर्ण नाव."

म्हातारीने डोळ्यांवरचे हात काढले. "नाव नको लेजो! सासरानं नाव लिधं तं त्यानं आयुष्य कमी व्हस!"

त्यांचं आयुष्य तसंही पावघटकेचं उरलेलं दिसत होतं. मी नाव घेतलं. त्यांचं, त्यांच्या बापाचं, आडनावासकट, मोठ्याने. इथे लिहीत नाही. तेव्हा गरज होती, आता नाही.

बाबूने लिहून घेतलं. मग पळत गेल्याचा आवाज आला. डॉक्टर कचेरीच्या मागेच राहत होते. ते आले ते ऐकू आलं, आणि बाबू त्यांना म्हणाला तेही ऐकू आलं, "साहेब, तुमचं नाव या तारेवर नोंदलेलं नाही." त्यावर डॉक्टर काय म्हणाले ते मी लिहीत नाही. मग त्यांचाच आवाज आला.

"माणूस बसलाय की आडवा पडलाय?"

"बसलाय."

"आडवा करू नका. पुढे वाकवून बसवा. स्वच्छ फडक्याने जीभ धरा आणि बाहेर ओढून ठेवा. आत सरकू द्यायची नाही. मी जीपने निघतो. मी येईपर्यंत सोडायची नाही."

"कोण धरणार?"

"तुम्ही कोण?"

"सून."

"मग सुनेने धरायची."

मी म्हातारीकडे पाहिलं. ती म्हणाली, "मी? पुरुषमाणूसनी जीभ?" आणि ही बातमी गल्लीला सांगायला निघून गेली.

मी पदर खांद्यावर टाकला, भोंग्यात एक फडकं कोंबलं आणि खुंटीवरचं आबांचं धुतलेलं उपरणं घेतलं. त्यांच्यासमोर बसले, चिमटीत जीभ धरली आणि ओढली. त्यांचे डोळे मोठे झाले. पण शिट्टी जरा खाली उतरली. तेव्हा मला कळलं की डॉक्टर बरोबर सांगतायत. जीभ निसरडी असते. दोनदा सुटली आणि दोन्ही वेळा त्यांचे ओठ जांभळे पडले. मग मी उपरण्याचा पीळ बोटांना गुंडाळला आणि गच्च धरली.

आठ मैलांचा कच्चा रस्ता. जीप यायला तासभर तरी लागणार. तासभर दोन माणसं नाकासमोर नाक करून बसली आणि एकाची जीभ दुसऱ्याच्या हातात असली तर गप्प किती वेळ बसणार? आबांना बोलता येत नव्हतं, म्हणून मी बोलले.

"तीन येळा सांगं मी दारले," मी म्हणाले. "तुमी ऐकत नव्हतात."

"अं," आबा म्हणाले.

"म्हशीनं मीठ मीच भरस. घागर मीच वतस. पन पेटीले हात लावाले माले मनाई."

"अं."

"दोन वरीस व्हयनात, मन्हा भाऊनं लगीन व्हयनं, माले माहेरले धाडं नही. मी दारले चार येळा सांगं. दार काय बैलगाडी जुपी देवाव व्हतं?"

आबांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ते रडत नव्हते. कुणाचीही जीभ ओढा, डोळ्यांतून पाणी येतंच.

"आनी पोरगाना नावे फोन करी टाका," मी म्हणाले. "तुमी आज मरतात तं फोन कोन करतं?"

एकदा शिट्टी एकदम थांबली. मी त्यांची मान आणखी पुढे वाकवली आणि जीभ इतकी ओढली की मला वाटलं हातात येईल. घशात खरखर झालं आणि शिट्टी परत सुरू झाली. त्यानंतर मी बोलणं बंद केलं आणि ती शिट्टीच ऐकत बसले.

नवऱ्याला कुणीतरी वाटेत सांगितलं होतं. काय सांगितलं होतं कोण जाणे. तो चिखलाच्या पायांनी पळत ओसरीवर आला आणि जागच्या जागी थांबला. बापाचं डोकं उघडं, बायकोचं तोंड उघडं, फोनच्या भोंग्यात फडकं कोंबलेलं.

"काय करी ऱ्हायनी तू?"

"दिसत नही का? जीभ धरेल शे."

"कोनी सांगं?"

"डॉक्टरनी. फोनवर."

"तू फोन कया?" हे त्याला जिभेपेक्षा मोठं वाटलं.

तो म्हणाला, आण, मी धरतो. मी दिली. त्याच्या चिमटीतून जीभ सुटली, आबांनी तोंड वासलं आणि काहीच आत जाईना. मी त्याला बाजूला ढकललं आणि परत धरली. त्यानंतर तो बापाची पाठ चोळत बसला.

जीप आली तेव्हा गल्ली ओसरीभर जमली होती. बाया सगळं पाहत होत्या आणि पदराआडून एकमेकींना सांगत होत्या. डॉक्टरांनी दंडात सुई टोचली आणि घड्याळाकडे पाहत बसले. मला म्हणाले, "अजून सोडू नका." बऱ्याच वेळाने शिट्टी बारीक झाली. मग नुसता श्वास ऐकू येऊ लागला. डॉक्टर म्हणाले, "आता सोडा." मला सोडता येईना. बोटं आखडली होती. नवऱ्याने एकेक करून उघडली.

लोंबकळणाऱ्या नळकांड्यातून बाबूचा आवाज आला, "हॅलो! डॉक्टर पोचले का? वेळ लिहायची आहे."

नवरा उठला, नळकांडं कानाला लावून म्हणाला, "पोचले."

"आपण कोण? आपलं नाव नोंदलेलं नाही."

आबांनी हात हलवला. घशातून काही आवाज काढला. नवऱ्याला कळलं नाही. मला कळलं, कारण तासभर मी तेच आवाज ऐकत होते. ते माझ्याकडे बोट दाखवत होते. मी उठले, नळकांडं घेतलं आणि "पारिजातक" म्हणाले. बाबूने वेळ लिहून घेतली.

संध्याकाळपर्यंत सूज अर्धी उतरली. दुसऱ्या दिवशी आबांनी दुधात कुस्करलेली भाकरी खाल्ली. तिसऱ्या दिवशी बोलले, तेही बोबडं, पण खांबाला नाही, मला. आबा त्यातून वाचले आणि सुनेने नाव घेऊनही पुढे चौदा वर्षं जगले.